आठ खिळे

आमच्या मंगळवार पेठेतल्या गल्लीच्या टोकाला एक पडका वाडा आहे. गेल्या मे महिन्यात त्याच्या मागच्या भिंतीचे मी एकशे चाळीस फोटो काढले. सकाळी सातच्या आत, भिंतीवर ऊन यायच्या आधी. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, कारण पहिल्या दिवशी फोन जरा तिरका धरला गेला होता. शेजारच्या काकूंनी दुधाची पिशवी हातात घेऊन विचारलं, "वाडा पाडणार हाईत काय?" गिरणीवाल्यांना मी बिल्डरचा माणूस वाटलो. एका आजोबांनी तर प्रॉपर्टी कार्डावर किती नावं आहेत आणि त्यातली किती भांडतात, हे न विचारताच सांगून टाकलं. खरं कारण सांगायची सोय नव्हती. "२००५ सालच्या एका जपानी गेममध्ये स्पेनचं खेडं आहे, तिथं ही भिंत लावून बघायचीय" हे सकाळी सात वाजता कुणाला सांगणार?

गेम म्हणजे 'रेसिडेंट इव्हिल ४'. जानेवारी २००५ मध्ये तो पहिल्यांदा आला तो निन्टेन्डोच्या गेमक्यूबवर. ते यंत्र मी आजतागायत प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. आमच्यापर्यंत गेम पोचला तो पीसीवर, २००८ च्या दिवाळीच्या सुट्टीत, वर मार्करने नाव लिहिलेल्या डीव्हीडीतून. (जाणकारांनी पुढचं विचारू नये.) दादाचा म्हणजे माझ्या चुलतभावाचा पेंटियम फोर, ५१२ एमबी रॅम आणि एका कोपऱ्यात गुलाबी पडलेला डबा मॉनिटर. त्या पीसी आवृत्तीत नेम धरायलासुद्धा माऊस चालायचा नाही, सगळा कारभार कीबोर्डवर. म्हणून आम्ही वाटणी केली होती. चालायचं आणि पळायचं दादाकडे, गोळी झाडायची माझ्याकडे. भांडणं किती झाली असतील याचा हिशेब नाही.

गोष्ट साधी आहे. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांची मुलगी पळवून नेलीय आणि लिऑन नावाचा एजंट तिला शोधत स्पेनमधल्या आडबाजूच्या खेड्यात येतो. गावकऱ्यांची डोकी फिरलेली. कुऱ्हाडी, कोयते, मशाली घेऊन सगळा गाव अंगावर येतो आणि आता मेलोच असं वाटतं तेवढ्यात चर्चची घंटा वाजते. सगळे हातातलं टाकून, जत्रेहून परतल्यासारखे निघून जातात. ते खेडं आम्हाला परकं वाटलंच नाही. चिखलाची वाट, विहीर, गोठा, दगडी भिंतींवर कौलं, फडफडणाऱ्या कोंबड्या. कोंबडीनं अंडं घातलं की उचलायचं आणि कच्चंच खायचं, जीव वाढतो. आत्याच्या गावी याहून वेगळं काय होतं?

असंच एकदा आम्ही त्या विहिरीजवळ अडकलो असताना आबा चहाचा कप घेऊन मागे येऊन उभे राहिले. आबा म्हणजे माझे थोरले चुलते, दादाचे वडील. धंद्यानं पेंटर. म्हणजे घरं रंगवणारे नव्हेत, पाट्या रंगवणारे. दुकानांच्या पाट्या, ट्रकमागची अक्षरं, निवडणुकीच्या भिंती, तालमीवरचा मारुती. कोल्हापुरात पेंटर या शब्दाला जो मान आहे तो बाबूराव पेंटरांमुळे, असं ते सांगायचे आणि मग स्वतःच हसायचे. त्यांनी स्क्रीनकडे बराच वेळ बघितलं. आम्हाला वाटलं, आता अभ्यासावर बोलणार. ते म्हणाले, "ही भिंत हातानं रंगवलेली न्हाई. फोटोवरनं घेतल्या. मग एवढी पुसट का ठेवल्या?"

उत्तर आमच्याकडे नव्हतं. ते मला मिळायला बारा-तेरा वर्षं लागली.

गेममधली भिंत ही भिंत नसतेच. एक सपाट पत्रा असतो आणि त्यावर एक चित्र डकवलेलं असतं. त्या चित्राला म्हणायचं टेक्श्चर. दगड, दोन दगडांमधली दर्ज म्हणजे सांधा, शेवाळ, पडलेला गिलावा, हे सगळं त्या चित्रात. पत्र्याला यातलं काहीच ठाऊक नसतं. गेमक्यूबची मुख्य मेमरी होती २४ एमबी. त्या चोवीसात लिऑन, त्याच्यामागे लागलेले गावकरी, त्यांच्या हालचाली आणि अख्खं गाव कोंबायचं. २५६ बाय २५६ ठिपक्यांचं एक टेक्श्चर त्या यंत्राच्या पद्धतीनं दाबून बसवलं की ३२ केबीत मावतं. आज माझ्या फोनमधला एक फोटो तीन-साडेतीन एमबीचा असतो, म्हणजे तेवढ्या जागेत अशा शंभर भिंती. शिवाय प्रत्येक भिंतीला स्वतंत्र चित्र परवडत नाही. एकच तुकडा फरशीसारखा शेजारी शेजारी लावत जायचा. आबांना पुसट दिसलं ते हे. फोटो होताच, पण पोस्टाच्या तिकिटाएवढा करून मग पुन्हा भिंतीएवढा ताणलेला.

आणि आबांचं पहिलं वाक्यही बरोबर होतं. त्या काळी गेम बनवणारे लोक खऱ्या जागांचे फोटो घेत, किंवा दगड, लाकूड, गंज, काच अशा पृष्ठभागांच्या फोटोंच्या सीडी मिळत, त्यातून उचलत. या गेमबाबत तर प्रकरण कोर्टात गेलं. २०२१ मध्ये एका अमेरिकन डिझायनर बाईंनी दावा लावला की १९९६ च्या माझ्या पुस्तकासोबतच्या सीडीतले फोटो यात वापरलेत. गेमच्या नावाच्या अक्षरांत दिसणारी तडकलेली काचही आपल्याच फोटोतली आहे, असं त्यांचं म्हणणं. पुढच्या वर्षी दोन्ही बाजूंनी आपसात मिटवलं. कोण खरं, कोण खोटं, हे बाजूला ठेवू. मला त्यातली वेगळीच गोष्ट भावली. पडद्यावर धूसर डाग दिसणारा प्रत्येक दगड कुठेतरी मोठा, स्वच्छ, खराखुरा होता. एखाद्या सीडीवर, नाहीतर युरोपातल्या एखाद्या गल्लीत, अजून उभा.

हे एका स्पॅनिश माणसाच्या आधीच लक्षात आलं होतं. २०१४ मध्ये या गेमची एचडी आवृत्ती पीसीवर आली. चित्र मोठ्या पडद्यावर नीट बसलं, पण बऱ्याच भिंती होत्या तशाच राहिल्या. जुन्या धोतराला इस्त्री केल्यासारखं. त्याच वर्षी आल्बर्ट मारिन आणि त्याचा जोडीदार क्रिस मोरालेस यांनी ठरवलं की प्रत्येक टेक्श्चर नव्यानं करायचं. पगार नाही, कंत्राट नाही, कुणी सांगितलेलं नाही. त्यांना वाटलं असेल एक-दोन वर्षांत आटपेल. २ फेब्रुवारी २०२२ ला काम पूर्ण करून त्यांनी ते फुकट वाटलं. आठ वर्षं.

आठ वर्षं का लागली, हा खरा मजकूर. सोपा मार्ग होता की दगडी भिंत आहे ना, मग कुठलीही चांगली दगडी भिंत आणून लावा. बहुतेक मॉड, म्हणजे चाहत्यांनी गेममध्ये केलेले बदल, तसेच असतात. मारिननं तसं केलं नाही. त्यानं मूळ फोटो शोधले. जिथं फोटो सापडला नाही तिथं मूळ जागा शोधली. हा दरवाजा कुठल्या इमारतीचा, हे नक्षीकाम कुठल्या चर्चचं, ही भिंत कुठल्या किल्ल्याची, हे ओळखत तो स्पेनमध्ये आणि बाहेरही हिंडला आणि तिथं उभा राहून फोटो काढले. २५६ ठिपक्यांच्या चित्रावरून जागा ओळखायची म्हणजे एखाद्या भेगेचा आकार, लाकडातली एखादी गाठ, दगडावरचा एखादा चट्टा एवढ्यावरच. टेक्श्चरवर भागलं नाही म्हणून मग टोकदार दिसणाऱ्या वस्तूंचे आकार सुधारले, प्रकाशातल्या चुका दुरुस्त केल्या. हे वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा आठवले ते आबा आणि त्यांची सायकलच्या दुकानाची पाटी.

ती गोष्ट अशी. लक्ष्मीपुरीकडं एक जुनं सायकलचं दुकान होतं. पाटी चाळीसेक वर्षांची, उन्हानं उडालेली. मालकाचा मुलगा आबांकडे आला, पाटी होती तशीच उजळून द्या म्हणाला. पाटीवर संस्थापकाच्या नावातलं शेवटचं 'बर' तेवढं शाबूत होतं आणि त्याच्या आधी एक अनुस्वार. बाकी कोरा पत्रा. आबांच्या हाताखालचा पोरगा म्हणाला, दिगंबर असणार, कोल्हापुरात दुसरं काय असतंय? मुलगा म्हणाला, लिहा दिगंबर, आजोबांना सगळे अण्णाच म्हणायचे, मला कुठं ठाऊक? आबांनी ब्रश खाली ठेवला आणि त्या घरी जाऊन म्हातारीला विचारून आले. नाव चिदंबर होतं. घराणं कर्नाटकाकडून आलेलं. मग आबांनी जुन्या रंगाचा काठ पेन्सिलीनं गिरवून घेतला, कारण पहिल्या पेंटरनं 'ब'चं पोट जरा ढेरपोट्या माणसासारखं काढलं होतं आणि ते तसंच यायला हवं होतं. तीन दिवसांचं काम नऊ दिवसांवर गेलं. पैसे तीन दिवसांचेच मिळाले, हे सांगायला नकोच.

आता त्या हाताखालच्या पोराची जागा यंत्रानं घेतलीय. २०१८ मध्ये संशोधकांनी ईएसआरगॅन नावाची पद्धत मांडली आणि मॉडवाल्यांनी ती लगेच उचलली. 'मॉरोविंड'सारख्या २००२ च्या गेमची हजारो टेक्श्चर लोकांनी घरच्या ग्राफिक कार्डावर रात्रभरात चौपट करून टाकली. यंत्राला आधी पुष्कळ मोठे फोटो आणि त्यांचीच बारीक केलेली रूपं दाखवतात. हे असं बारीक होतं तेव्हा मोठं असं असतं, हा संबंध ते शिकतं. मग एखादं बारीक चित्र दिलं की त्यात नसलेले बारकावे बेमालूम भरून देतं. शोधून आणत नाही, रचून देतं. गवत, दगड, झाडाची साल अशा गोष्टींत ते फार सुंदर जमतं, कारण गवताची कुठली काडी कुठं होती याची कुणाला पडलीय? मी स्वतः वापरतो, नाक मुरडायचं कारण नाही. पण अक्षर आलं, चेहरा आला, की दिगंबर होतो.

याचा जाहीर तमाशा नोव्हेंबर २०२१ मध्ये झाला. 'जीटीए'चे तीन जुने गेम, त्यात आमच्या पिढीनं सायबर कॅफेत तासाला वीस रुपये मोजून खेळलेले 'व्हाइस सिटी' आणि 'सॅन अँड्रियास', नव्या रूपात विक्रीला आले. दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरं यंत्राच्या हातून चुकली आणि ती तशीच छापून गेली. सगळ्यात गाजला तो एक नट. 'टफ नट डोनट्स' नावाचं दुकान आहे. विनोद असा की नावात नट आहे म्हणून पाटीवर मोठा लोखंडी नट, सहा कडांचा. टोकदार कडा आपोआप गुळगुळीत करताना तोही गोल झाला. विनोद गेला, उरला एक वेटोळा तुकडा. पुढं कंपनीनं तिन्ही गेमच्या अवस्थेबद्दल जाहीर माफी मागितली.

दादा आता उद्यमनगरात लेथ चालवतो. दिवसभर नट-बोल्ट, बुश, शाफ्ट. त्याला मी ते दोन फोटो शेजारी शेजारी दाखवले. तो इतका हसला की मशीन बंद करावं लागलं. "भावा, गोल नटाला पाना कुठं लावायचा?" मग शेजारच्या कारखान्यातल्या दोघांना बोलावून दाखवलं. तेही हसले. त्यांतल्या एकानंही गेम खेळलेला नव्हता. नट काय असतो हे माहीत असायला गेम खेळावा लागत नाही.

त्याच आवृत्तीत आणखी एक गंमत झाली. जुन्या 'सॅन अँड्रियास'मध्ये लांबचं सगळं पिवळट धुरक्यात विरघळायचं. यंत्राची ताकद कमी म्हणून ते धुरकं. पण त्या धुरक्यामुळंच आम्हाला वाटायचं की डोंगरापलीकडं अजून पुष्कळ आहे. माउंट चिलियाडवर मोटरसायकल चढवायची आणि नुसतं उभं राहायचं. नव्या आवृत्तीत हवा लख्ख झाली आणि वरून बघितलं तर हे शहर, ते शहर, मधलं वाळवंट, सगळं एका नजरेत. गणपतीच्या देखाव्यात मांडतात तसं. तीन शहरांचं राज्य म्हणून जे मी सायकलवरून परत येताना डोक्यात घोळवत असे, ते प्रत्यक्षात पन्हाळ्यावरून दिसणाऱ्या मुलुखाहूनही लहान. धुरकं परत आणणारे मॉड चाहत्यांनी पटापट केले. नोव्हेंबर २०२४ मधल्या अपडेटमध्ये जुन्या धाटणीचा प्रकाश अधिकृतपणेही परत आला.

पूर्वीचे चित्रकार पडद्याची खोड जाणून चित्र काढत, हे मला फार आवडतं. १९९१ च्या पहिल्या 'सॉनिक' गेममधला धबधबा आजच्या पडद्यावर बघा, नुसत्या उभ्या पट्ट्या दिसतील. एक पट्टी पाण्याची, एक मोकळी. त्या काळच्या टीव्हीवर साध्या वायरीतून चित्र जाताना शेजारचे ठिपके एकमेकांत मिसळत आणि पट्ट्यांचं पारदर्शक पाणी होई. त्या यंत्राला तशी पारदर्शकता जमतच नव्हती. वायरीच्या दोषाचा रंग करून वापरलेला. आता तो धबधबा 'स्वच्छ' करायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

सगळे मॉडवाले संत असतात असा कुणाचा समज होऊ नये. निम्मे मॉड मला बघवत नाहीत. पाऊस नसताना रस्ते आरशासारखे चकाकतात, गवत पोपटी, आणि काडेपेटीवरचं लेबल वाचता यावं म्हणून तिला भिंतीएवढं टेक्श्चर. लग्नाच्या अल्बममध्ये नवरीचा चेहरा इतका घासतात की सख्खी मावशी ओळखू येत नाही, तशी गत. ग्राफिक कार्ड नवीन घेतलंय म्हणून त्याला काहीतरी काम द्यायचं, एवढाच त्यामागचा विचार असतो. असो.

मारिनचं काम मी २०२२ च्या दिवाळीत घरी नेलं. दादाला खुर्चीवर बसवलं आणि काही न सांगता गेम सुरू केला. तीच पायवाट, तेच पहिलं घर. मी दादाच्या तोंडाकडं बघतोय. पाच मिनिटं झाली, दहा झाली. म्हटलं, काय? तो म्हणाला, "काय म्हणजे? असंच होतं की." मी जुनी आवृत्ती लावून दाखवली. "तुझ्या लॅपटॉपला काहीतरी झालंय," म्हणाला. त्याला खरंच पटेना की आम्ही ती पुसट चिखलाची रबडी बघत रात्री जागवल्या होत्या. दगडांमधल्या दर्जा त्याच्या डोक्यात पहिल्यापासून होत्या. आत्याच्या घरच्या असाव्यात.

आणि म्हणूनच, त्या रात्री मला अवदसा आठवली. आत्याच्याच गावची नाही तर निदान पेठेतली भिंत त्या खेड्यात लावून बघू.

ऐकायला सोपं आहे. मुहूर्त लागायला गेला मे महिना उजाडला. करायला बसलो आणि आबांच्या धंद्याबद्दलचा आदर दुप्पट झाला. पहिली गोष्ट म्हणजे फोटोत ऊन नको. गेममधला उजेड गेम ठरवतो. फोटोत डावीकडून ऊन असेल आणि गेममध्ये चंद्र उजवीकडं, तर दगड खोटे दिसतात. म्हणून ते सकाळी सातच्या आत. दुसरं, फोन भिंतीला अगदी समांतर हवा, नाहीतर वरचे दगड लहान, खालचे मोठे. मग ते फोटो जोडायचे, सरळ करायचे, एका बाजूचा काळोख दुसऱ्या बाजूइतका करायचा. मग सगळ्यात किचकट काम. तुकडा शेजारी शेजारी लावला की सांधा दिसता कामा नये. त्यासाठी चित्र अर्धं सरकवायचं, म्हणजे कडा मधोमध येतात आणि चित्राच्या पोटात एक फुली उमटते. ती फुली दगडाला दगड जुळवत मिटवायची. माझ्या तीन रात्री त्यात गेल्या. शिवाय दगडांच्या ओळी जुन्या चित्रात जिथं होत्या तिथंच यायला हव्यात, कारण खिडकीची चौकट आणि भिंतीचा कोपरा त्या ओळींच्या हिशेबानं बसवलेला असतो. चिदंबर लिहा नाहीतर दिगंबर, अक्षरं मावायला हवीत तेवढ्याच पत्र्यात.

शेवटी फाइल गेममध्ये घातली आणि सुरू केला. आपला दगड काळा आहे हे मला लहानपणापासून माहीत आहे, पण ते किती काळं असतं हे त्या दिवशी कळलं. स्पेनच्या त्या खेड्यातला दगड फिका, मातकट. त्या ढगाळ उजेडात आमचा बेसाल्ट म्हणजे भिंत नव्हेच, भिंतीच्या आकाराचं भोक. उजळ केला तर ताज्या सिमेंटसारखा दिसू लागला. मग निळसर छटा काढून जरा पिवळा टाकला. आता कुठं बरं दिसतंय असं म्हणत मागे सरकलो आणि बघतो तर भिंतीवर, कमरेच्या उंचीला, लाल पिचकारी. कुणीतरी वाड्याच्या भिंतीवर पान थुंकलेलं, ते फोटोत आलं होतं. जवळून दगडाचा रंग वाटला म्हणून मी ठेवलं. आता तुकडा आठ वेळा लागल्यावर तीच पिचकारी, त्याच आकाराची, आठ ठिकाणी, रांगेत. स्पेनच्या शापित खेड्यात कुऱ्हाड घेतलेला गावकरी धावत येतोय आणि त्याच्या मागं एसटी स्टँडची भिंत. दादाला पाठवलं. त्यानं उत्तरात फक्त गोल नटाचा फोटो पाठवला.

पिचकारी काढली. पाऊसभर शनिवार-रविवार त्यातच घालवले. एका दगडावरचा पांढरा चट्टा फार ओळखू येत होता, तो पुसला. एक लांब भेग होती, ती तोडून दोन केल्या. दिवाळीपर्यंत मला खात्री झाली की आता भिंत निर्दोष आहे.

दरम्यान ऑगस्टमध्ये आबांच्या दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. पिकलेलं भिंग पिवळं पडतं आणि निळ्याला आत येऊ देत नाही, ते काढलं की निळा एकदम उसळून येतो, हे डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं. तरी पट्टी काढून रिक्षातनं घरी येताना ते नाक्यावरच्या सोनाराच्या पाटीसमोर थांबायला लावून बघत बसले. दहा-बारा वर्षांपूर्वीची, त्यांनीच रंगवलेली, त्यांच्या शेवटच्या मोठ्या पाट्यांपैकी एक. मग तिथं फ्लेक्स लागला नाही एवढंच त्या सोनाराचं पुण्य. "एवढा भडक निळा मी मारला?" ते म्हणाले. "आणि कोण काय बोललं कसं न्हाई?" दादा म्हणाला, आम्हाला वाटलं तुम्हाला तसाच पाहिजे होता.

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि त्यांना बोलावलं. सतरा वर्षांपूर्वीचं त्यांचं वाक्य त्यांना आठवत नव्हतं. मी आठवण करून दिली तर म्हणाले, असेन बोललो. खुर्ची पुढं ओढून बसले, चष्मा नाही. मी लिऑनला भिंतीजवळ नेलं.

"आपल्या वाड्याची हाय ही."

"होय."

"दर्ज चांगली जुळवलीस." थोडा वेळ शांत. "मागं सरक जरा."

मी लिऑनला दोन पावलं मागं घेतलं.

"आणखी मागं. आता हिकडनं तिकडं चालव त्याला, हळू."

मी चालवला. पलीकडं गावकऱ्यांची कुजबुज सुरू झाली होती, पण आबांचं तिकडं लक्ष नव्हतं. ते उठले, टीव्हीपाशी गेले आणि तर्जनीनं पडद्यावर, न टेकवता, दाखवू लागले. "हितं. हितं. आन् हितं. पुढं बी असणार बघ."

दोन दगडांच्या मधल्या दर्जेत एक खिळा होता. गंजका, अर्धा बाहेर आलेला, त्याच्याखाली तांबूस ओघळ, दाण्याएवढा. सहा महिने मी ती भिंत रोज बघत होतो आणि मला तो दिसला नव्हता.

"एका भिंतीत आठ खिळे, सगळे एका उंचीला," आबा म्हणाले. "आठ कॅलेंडरं लावत हुते काय?"

आतून दादाचं हसणं ऐकू आलं. मी म्हटलं, काढतो आबा, पाच मिनिटांचं काम आहे.

"सगळे काढू नगंस," खुर्चीत बसत ते म्हणाले. "एक ऱ्हाऊ दे. खिळा न्हाई अशी भिंत कुठं असत्या?"

एक ठेवायचा आणि सात काढायचे, तर तो एकच तुकडा आठ वेळा लावून भागत नाही. खिळ्याची भिंत वेगळी, बिनखिळ्याची वेगळी, दोन टेक्श्चर करायला हवीत, आणि पत्रा कुठून कुठवर कुठलं घेईल तेही बदलायला हवं. हे मी त्यांना समजावून सांगू लागलो.

"मग?" आबा म्हणाले. "लगीच पायजे म्हणून कोण बसलंय हितं?"